केशरोपणानंतरचे व्रण आणि संमतीपत्रावरची सही

प्रश्न : १४ महिन्यांपूर्वी मी एफयूई पद्धतीने, म्हणजे डोक्यामागचे केसगुच्छ एकेक करून काढून, केशरोपण करून घेतले. ‘टाके नाहीत, त्यामुळे व्रणही नाही’ असे क्लिनिकच्या माहितीपत्रकात छापलेले होते. आता केस बारीक कापले की डोक्याच्या मागे पांढरे ठिपके दिसतात आणि डावीकडचा भाग स्पष्टपणे विरळ झाला आहे. ‘व्रण राहू शकतो’ असे वाक्य असलेल्या संमतीपत्रावर मी शस्त्रक्रियेच्या सकाळी सही केली होती, त्याकडे क्लिनिक बोट दाखवते. ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास दुरुस्ती विनामूल्य करू, असेही ते म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : तसे पत्र आपण लिहून देऊ नये. दुरुस्ती फसली तर दाद मागण्याची वाट त्या पत्राने अवघड होईल. शिवाय डोक्याच्या मागील केसांचा साठा मर्यादित असतो आणि तेथून काढलेला केस त्या जागी पुन्हा उगवत नाही. विरळ झालेल्या भागावर घाईने पुन्हा शस्त्रक्रिया झाल्यास नुकसान वाढेल आणि पुरावाही पुसला जाईल.

केवळ व्रण राहिला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. त्वचा छेदली की व्रण उरतोच. डोक्यामागच्या त्वचेची पट्टी काढण्याच्या पद्धतीत तो रेषेसारखा असतो, एफयूईमध्ये ठिपक्यांसारखा. तो कमीत कमी दिसावा यासाठी घ्यावयाची काळजी मात्र या क्षेत्रात सर्वज्ञात आहे. पंचचा, म्हणजे केसगुच्छ काढणाऱ्या गोल पात्याचा, व्यास लहान, साधारण एक मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो, लगतचे केसगुच्छ सलग न काढता काढणी सगळीकडे विखुरावी लागते, आणि रुग्णाला पूर्वी केलॉइडसारखे वाढणारे व्रण झाले होते का, हे विचारावे लागते. त्यामुळे आपल्या प्रकरणात ठिपक्यांपेक्षा डावीकडचा विरळपणा मला अधिक बोलका वाटतो, कारण एकाच भागातून प्रमाणाबाहेर काढणी झाल्याची शक्यता तो दाखवतो. शस्त्रक्रियेनंतर काही काळ केस तात्पुरते गळतात, असा बचाव क्लिनिक कदाचित घेईल. १४ महिन्यांनंतर तो टिकणे कठीण आहे.

आता सहीविषयी. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला पुरेसे समजावून सांगितल्यानंतर दिलेली संमतीच खरी संमती ठरते. आधी ‘व्रण नाही’ असे छापून रुग्णाला आणायचे आणि ऐन शस्त्रक्रियेच्या सकाळी ‘व्रण राहू शकतो’ या वाक्याखाली त्याची सही घ्यायची, ही एकाच संस्थेच्या दोन कागदांमधली विसंगती आपल्या तक्रारीचा कणा आहे. म्हणून ते माहितीपत्रक आणि सल्लामसलतीच्या वेळचे सर्व संदेश जिवापाड जपावेत.

यानंतर क्लिनिककडे लेखी अर्ज करून, पोच घेऊन, संपूर्ण नोंदी मागाव्यात. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यांत शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे, पंचचा व्यास, कोणत्या भागातून किती गुच्छ काढले याचा तपशील आणि काढणी प्रत्यक्ष कोणी केली, हे सर्व स्पष्ट उल्लेख करून मागावे. शेवटचा मुद्दा गौण समजू नये. छेद डॉक्टरऐवजी अप्रशिक्षित साहाय्यकाने घेतल्याचे दिसून आले, तर प्रकरणाचे वजनच बदलते.

त्याच सुमारास क्लिनिकशी संबंध नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून, दोन्ही बाजूंच्या केसांची घनता मोजलेला लेखी अभिप्राय घ्यावा. केस कापून, एकाच प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रेही हवीत. तज्ज्ञाच्या अभिप्रायाशिवाय ग्राहक आयोगापुढे जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

पोलिसांत जाण्याची घाई करू नये. डॉक्टरविरुद्ध फौजदारी गुन्हा टिकण्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आपल्या हकिगतीत तो तूर्त दिसत नाही. आपली योग्य जागा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे सदोष सेवा आणि दिशाभूल करणारी जाहिरात, असे दोन्ही मुद्दे एकाच तक्रारीत मांडता येतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. ही मुदत व्रण दिसल्यापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नये. शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजल्यास आपल्या हाती दहा महिने आहेत. नोंदींचा अर्ज याच आठवड्यात द्यावा.