दादा पैसे भरतोय, पण बाबांसमोर बसणार कोण?

वाचकाचं पत्र:

माझे वडील 79 वर्षांचे, खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. आई 74. दोघं सदाशिव पेठेत राहतात, मी कोथरूडला. न्यू जर्सीतल्या दादाने बाबांसाठी एक वर्गणी शोधली आहे: दर आठवड्याला ईमेलवर एक प्रश्न येणार, बाबांनी उत्तर लिहायचं, वर्षाने 52 उत्तरांचं बांधीव पुस्तक घरी येणार. 99 डॉलर. दादा म्हणतो, पैसे मी भरतो, तू फक्त बाबांच्या मागे लाग. बाबा व्हॉट्सअॅप बघतात, ईमेल नाही. शिवाय म्हणतात, ‘माझ्या आयुष्यात काय आहे लिहिण्यासारखं?’ आईला तर कोणी विचारलंच नाही. नाही म्हटलं तर दादा दुखावेल, हो म्हटलं तर सगळं माझ्या अंगावर येईल. मला आठवणी हव्याच आहेत. काय करू? — कोथरूडहून एक मुलगी

उत्तर:

ताई, तुमची कुचंबणा खरी आहे. आत्ता लगेच वर्गणी घेऊ नका. आधी चार शनिवार घरच्या घरी करून बघा, मग ठरवा. का आणि कसं, ते सांगते.

या सेवा तीन गोष्टी विकतात: प्रश्न, आठवण करून देणं आणि बांधणी. तिन्हींचा उपयोग आहे. विशेषतः दुसऱ्या गोष्टीचा, कारण ‘बाबांना एकदा विचारायचंय’ म्हणता म्हणता दहा दिवाळ्या जातात आणि दर सोमवारी दारात येऊन उभा राहणारा प्रश्न ते होऊ देत नाही. पण चौथी गोष्ट या वर्गणीत मिळत नाही, ती म्हणजे ऐकणारा माणूस. बाबा जे ‘काय आहे लिहिण्यासारखं’ म्हणतात ना, ते कंपनीच्या ईमेलला कधीच उत्तर देणार नाहीत. समोर कोणी बसून ‘मग पुढे?’ म्हणालं, की मात्र तासभर बोलतील.

अशा वर्गण्यांचं नेहमी काय बिनसतं ते ओळखीचं आहे. पहिले सहा-आठ आठवडे उत्साह, मग एखादं आजारपण किंवा लग्नसराई, तीन प्रश्न तुंबतात आणि चौथ्यापासून तो राहिलेला गृहपाठ होतो. बाबांना अपराधी वाटतं, तुम्हाला चिडचिड, दादाला वाटतं तुम्ही लक्ष देत नाही. दादाने दिलेल्या भेटवस्तूचं ओझं होतं ते असं.

दुसरी अडचण प्रश्नांची. परदेशी सेवांचे तयार प्रश्न तिथल्या आयुष्यावर बेतलेले असतात: पहिली गाडी कोणती, शाळेच्या नृत्याला कोणाबरोबर गेलात. बाबा अकरावी मॅट्रिक झालेले असणार, त्यांना यातलं काय लागू पडणार? पुष्कळ सेवांमध्ये प्रश्न बदलता येतात, पण मग प्रश्न काढायचं काम तुमचंच. शिवाय तयार प्रश्न फार मोघम असतात. ‘लहानपणीची एखादी सुंदर आठवण सांगा’ म्हटलं की माणूस ‘छान होतं, गरिबी होती पण सुख होतं’ म्हणून गप्प होतो. त्याऐवजी हे विचारून बघा: ‘12 जुलै 1961 ला, पानशेत धरण फुटलं त्या सकाळी, तुम्ही नेमके कुठे उभे होतात? बातमी कोणी आणली? घरातून पहिली कुठली वस्तू उचलली?’ त्या वेळी बाबा पंधरा वर्षांचे. पुण्यात असतील तर पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं तेही सांगतील. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयात सगळ्यात ठळक राहतात, म्हणून सुरुवात तिथूनच करा. वाड्यात नळ किती वाजता यायचा आणि पाणी कोण भरायचं? खडकीला सायकलने कुठल्या रस्त्याने जायचात, वाटेत पंक्चर झाली तर काय करायचात? पहिला पगार किती होता आणि घरी येऊन कोणाच्या हातात दिलात? जागा, वस्तू, रक्कम, माणूस यातलं एक तरी प्रश्नात असू द्या.

आता चार शनिवारांचं. प्रश्न दादानेच विचारायचा, तुम्ही नाही. पुण्यात संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. त्याला सुट्टी असेल. तुमच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावायचा आणि बाबांचा फोन फक्त रेकॉर्डिंगला ठेवायचा. एकाच फोनवर दोन्ही करू नका, कॉल चालू असताना बहुतेक फोनचा रेकॉर्डर नीट चालत नाही. रेकॉर्डिंगचा फोन एअरप्लेन मोडवर टाका, घडी घातलेल्या पंचावर बाबांपासून हातभर अंतरावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवलात तर प्रत्येक कपबशीचा खण्णकन आवाज येतो. पंखा बंद किंवा अगदी मंद. कुकर आधीच उतरवून ठेवा. बाबांना श्रवणयंत्र असेल तर ते लावूनच बसवा, नाहीतर प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच. चाळीस मिनिटं झाली की थांबायचं, रंगात आले असले तरी. अर्धवट राहिलेली गोष्ट पुढच्या शनिवारी त्यांना स्वतःहून बोलतं करते.

आईला शेजारीच बसवा. ती मध्ये बोलेल, ‘अहो, ते साल ते नव्हे’ म्हणेल. बोलू द्या, दोघांच्या त्या खटक्यात निम्मं घर सापडतं. पण चारपैकी एक शनिवार पूर्ण आईचा. बाबांना त्या वेळी फिरायला पाठवा, कारण नवऱ्यासमोर बायका सासरचे पहिले दिवस सांगत नाहीत. वर्गणी एकाच्या नावावर असते आणि ते नाव बहुतेक वेळा वडिलांचं असतं. तुम्ही पत्रात आईची आठवण काढलीत, ती धरून ठेवा.

सनावळी चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. वहीत टिपून ठेवा, नंतर जुन्या कागदांवरून ताडून बघा. मध्येच अडवलं की ज्येष्ठ माणूस बिचकतो आणि पुढचं सगळं जपून बोलायला लागतो.

थोडा हिशोब मांडू. चाळीस मिनिटांत साधारण चार हजार शब्द बोलले जातात, त्यातली पुनरुक्ती आणि इकडचं तिकडचं काढलं की बाराशे-तेराशे उरतात. ईमेलला बाबांनी दर वेळी दीडशे शब्द लिहिले, एकही आठवडा चुकवला नाही, तरी 52 उत्तरांचे 7,800 शब्द होतात. म्हणजे वर्षभराची वर्गणी आणि सहा शनिवार, दोन्हींतून मजकूर जवळपास सारखाच निघतो. डेमी म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराच्या पानावर वाचायला सोप्या टाइपात अडीचशे शब्द धरले तर तीसेक पानं. फोटो वेगळे.

खरं कष्टाचं काम पुढे आहे. चाळीस मिनिटांचं बोलणं उतरवायला तीन तास सहज जातात. यावर एक युक्ती: इअरफोनने ऐका आणि तेच वाक्य स्वतःच्या स्पष्ट आवाजात फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगला सांगा. रेकॉर्डिंग थेट ऐकवलं तर ते अडखळतं. पूर्णविराम आणि माणसांची नावं हाताने नीट करावी लागतील. हे काम एकटीने उचलू नका. दादाला दर आठवड्याला निम्मी फाइल पाठवा, दहावी-बारावीतलं भाचरू-पुतणं असेल तर त्यालाही थोडं द्या.

हल्ली काही सेवा फोनवर बोलणं घेतात आणि मशीनकडून ‘सुबक’ लिहून देतात. तिथे फार जपा. बाबा म्हणाले असतील, ‘सायकलला दिवा नसला की पोलीस सरळ हवा सोडायचा, मग ढकलत घरी.’ त्याचं होतं, ‘त्या काळी वाहतुकीचे नियम कडकपणे पाळले जात.’ अर्थ बरोबर आणि बाबा गायब. अशी सेवा घेतलीच तर मूळ आवाज आणि जसंच्या तसं उतरवलेलं, दोन्ही परत मिळतील असं लेखी घ्या.

एवढं होऊन चार शनिवारांनंतरही वर्गणी बरी वाटू शकते. बाबा स्वतः रोजनिशी लिहिणारे निघाले, व्हॉट्सअॅपवर लांबलचक मराठी टाइप करू लागले किंवा दादाचे शनिवार जमेनासे झाले, तर जरूर घ्या. मात्र पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून देवनागरीचं एक छापील नमुना पान मागा. स्क्रीनवर ठीक दिसणारं मराठी छपाईत फुटतं: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर लागते, जोडाक्षरं सुटून मध्ये पाय मोडलेली अक्षरं येतात. ‘पुण्यातल्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर किर्तीकाकू’ एवढं एक वाक्य पाठवून छापून मागा, त्यात सगळं कळेल. नमुना नाही म्हणाले तर विषय संपला. मग विचारा: 99 डॉलरमध्ये पुस्तकं किती, पानांची मर्यादा किती, रंगीत फोटो त्यात आले का, भारतात पाठवण्याचा खर्च कोणाचा, आजारपणामुळे मुदत वाढते का. लॉगिन तुमच्या किंवा दादाच्या ईमेलवर असू द्या, बाबांच्या नको. आणि दादाने पहिल्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल, म्हणजे वर्ष संपलं की आपोआप पुन्हा पैसे कापले जाणं, बंद करावं. आपल्याकडच्या कार्डावरून असे पैसे कापण्याआधी बँकेने किमान 24 तास आधी कळवावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण दादाच्या अमेरिकन कार्डाला तो लागू नाही.

पुस्तकासाठी परदेशी सेवेवर अडून बसायचं कारण पुण्यात तरी नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, सदाशिव आणि नारायण पेठेत डीटीपी (संगणकावर पुस्तकाची पानं जुळवणं) करणारे आणि दहा-वीस प्रती डिजिटल छापून देणारे मिळतात, बाबांच्या घरापासून चालत जाण्याएवढे जवळ. दोघांकडून भाव घ्या, दहा प्रतींचा आणि पंचवीस प्रतींचा वेगवेगळा. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर उघडणाऱ्या मराठीत द्या आणि अंतिम पीडीएफबरोबर युनिकोड फाइलही परत मागा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर दहा वर्षांनी घरातल्या पुढच्या पिढीला उघडता येणार नाही. जुने छोटे फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर ते बारीक होऊन जातात. छापण्याआधी मुद्रितं तुमच्याशिवाय आणखी एकाने वाचावीत.

आणि एक नाजूक गोष्ट. बोलता बोलता वाड्याची वाटणी निघेल, कोणा काका-आत्याचं वाईट निघेल. रेकॉर्डिंग थांबवू नका, पण दोन फोल्डर करा: ‘छापायचं’ आणि ‘घरात ठेवायचं’. कुठलं कशात, ते बाबा ठरवतील. छापायच्या आधी सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवा, ‘हे काढ’ म्हणाले तर काढा. आवाजाच्या फाइली तीन ठिकाणी ठेवा: तुमच्याकडे, दादाकडे आणि एका पेनड्राइव्हवर आईच्या कपाटात. नावात तारीख आणि विषय घाला, ‘रेकॉर्डिंग 17’ कोणी उघडत नाही.

दादाला नाही म्हणायची गरजच नाही. त्याला असं लिहा: ‘दादा, कल्पना फार आवडली. पण बाबा ईमेलला उत्तर देणार नाहीत, तुला देतील. येत्या शनिवारी पुण्याच्या सातला कॉल लाव. पहिला प्रश्न: खडकीला पहिल्या दिवशी डब्यात काय नेलं होतं? रेकॉर्डिंग मी करते, उतरवायचं निम्मं तुझं. चार शनिवार झाले की वर्गणीचं बोलू, आणि ते 99 डॉलर छपाईला ठेव.’