नळीने दोन तासांनी फक्त ९ मिली दूध, बाळ उपाशी राहत नाही का?

तुम्ही विचारलंय : बहिणीला ३१व्या आठवड्यात मुलगा झाला, वजन १४०० ग्रॅम, कालपासून रत्नागिरीला काचेच्या पेटीत आहे. सिस्टर नळीने दोन तासांनी ९ मिली दूध देतात आणि आई म्हणते, चमच्याने पोटभर पाजा.

मी नवजात अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे. दादा, आधी हिशोब बघा. एवढ्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे साधारण ८० मिली लागतं. म्हणजे दिवसाला ११२, बारा वेळांत वाटले की नऊच येतात. पचतंय असं दिसलं की रोज किलोमागे १५-२० मिली वाढवतात. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीतून रक्त आलं तर दूध थांबवावं लागतं, कारण आतडं अजून कोवळं आहे.

चमचा आत्ता नकोच. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो. त्याआधी तोंडात ओतलेलं दूध छातीत जाऊ शकतं.

नळी तोंडातून घालतात, कारण बाळ नाकाने श्वास घेतं. तोंडापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीचं हाड संपतं ती जागा व बेंबी यांच्या मध्यापर्यंत माप घेऊन ओठाशी खूण करतात. ही खूण सरकली की नळीचं टोक अन्ननलिकेत येतं आणि दूध उलटं वर येतं. म्हणून प्रत्येक वेळी आधी खूण बघायची, मग दूध. सिरिंजचा दट्ट्या काढून ती बाळापेक्षा थोडी वर धरतात, दूध आपोआप उतरतं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. दट्ट्याने ढकललं तर बाळ ओकतं, कधी श्वासही थांबतो.

तुमच्याकडून खरी मदत दुधाची. बहिणीने दिवसातून ८-१० वेळा हाताने दूध काढायचं, रात्रीसुद्धा. आधी बांगड्या-अंगठ्या उतरवून साबणाने हात धुवायचे, वाटी उकळलेली हवी. आपल्याकडच्या उकाड्यात काढलेलं दूध चार तासांवर बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये २४ तास चालतं. तिला गावी नेऊ नका, रुग्णालयाजवळच राहू द्या. डॉक्टर हो म्हणाले की बाळाला टोपी-मोजे-लंगोट घालून तिच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, एका वेळी किमान तासभर, जमेल तितका जास्त वेळ.

घरी नेल्यावर शेगडीचा शेक, धुरी, गुटी काही नको. पावसात लंगोट दमट राहतात, इस्त्री करूनच वापरा. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं, बाळ दूध ओढेना किंवा निळं पडलं तर १०८ला फोन.

आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी बाळ महिन्याचं व्हायच्या आत व्हायलाच हवी, बाळ बरं दिसत असलं तरी. डिस्चार्ज कार्डावर तिची तारीख मागून लिहून घ्या.