वॅड कुजते का? आणि कुठे कुजते?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये नॉरफोकला राहतो. मुलगा क्ले टार्गेटची, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी शिकतोय. मैदानाच्या कडेने ओढा आहे. पाऊस झाला की त्याच्या काठाला चार पाकळ्यांचे पांढरे प्लास्टिकचे तुकडे साचतात. दुकानदार म्हणतो, बायोडिग्रेडेबल काडतुसं घ्या, सगळं मातीत मिसळून जातं. ती बरीच महाग आहेत. खरंच मिसळतं का? मुलाचा मित्र तर सांगतो, अशी काडतुसं वापरली तर रिकामी नळकांडीही उचलायला नकोत.
— एक वाचक, नॉरफोक

उत्तर : ताई, मित्राचं आधी सांगतो. नळकांडी उचलायचीच, काडतूस कसलंही असो. ती बंदुकीतून आपल्या पायाशी पडतात, वाकलं की हातात येतात. हाताशी असलेला कचरा ‘कुजेल की’ म्हणून सोडून देण्याची सवय मुलांना लागू नये, असं मला फार कळकळीने वाटतं. शिवाय नळकांड्याच्या बुडाला धातूची टोपी असते, ती प्लास्टिकबरोबर कुजणार नाही.

तुम्हाला ओढ्यात दिसते ती वॅड. तिची गोष्ट वेगळी आहे. काडतुसात खाली दारू, तिच्यावर वॅड आणि वॅडच्या वाटीत छर्रे असतात. दारू पेटली की वॅडचा तळ बंदुकीच्या नळीला घट्ट बसून वायू अडवतो, मधला भाग दबून धक्का सोसतो आणि वाटी छर्‍यांना नळीवर घासू देत नाही. बाहेर पडताच हवेच्या रेट्याने पाकळ्या उघडतात, छर्रे पुढे जातात आणि दोन-तीन ग्रॅमचा तो तुकडा लांब कुठेतरी गवतात, पिकात, पाण्यात पडतो. तो कुणी शोधून आणत नाही, आणता येतही नाही. म्हणून कुजणारं प्लास्टिक हवं असेल तर ते आधी वॅडमध्ये हवं.

माझं उभं आयुष्य इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवण्याच्या कारखान्यात गेलं, त्यामुळे ‘कुजणारं’ हे लेबल पाहिलं की मी दोनच गोष्टी विचारतो : कुठे, आणि किती दिवसांत? युरोपातलं ईएन १३४३२ हे मानक कंपोस्टिंगच्या कारखान्यासाठी आहे. तिथे ढिगाचं तापमान ५८ अंशांच्या आसपास असतं, आणि सहा महिन्यांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं. मक्याच्या स्टार्चपासून बनणारं पीएलए नावाचं प्लास्टिक या परीक्षेत पास होतं. तेच नॉरफोकच्या थंड चिखलात पडलं तर वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. मातीसाठीची परीक्षा निराळी. ‘ओके बायोडिग्रेडेबल सॉइल’ हे प्रमाणपत्र साध्या तापमानाच्या मातीत दोन वर्षांत ९० टक्के विघटन मागतं. दुकानदाराला सरळ विचारा, की वॅडला हे किंवा या तोडीचं दुसरं प्रमाणपत्र आहे का. ‘इको’ छापलेल्या हिरव्या डब्याला प्रमाणपत्र समजू नका.

काही वॅड पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए जातीच्या प्लास्टिकच्या असतात. ओढ्याकाठी तुकडा दिसणार नाही, हा फायदा खरा. पण विरघळलेला पदार्थ पाण्यात असतोच. तो पचवणारे जिवाणू सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात रुळलेले असतात, प्रत्येक ओढ्यात ते तितके असतीलच असं नाही. मला सगळ्यात जास्त आशा पीएचए जातीच्या प्लास्टिककडून आहे. जिवाणू स्वतःच्या पेशींत अन्नाचा साठा म्हणून ते तयार करतात, आणि मातीतले, समुद्रातलेही दुसरे जिवाणू ते खातात. त्यातलं पहिलं पीएचबी फ्रान्सच्या मोरिस लेमॉन्य यांनी १९२६ मध्येच ओळखलं होतं. उन्हाने तुकडे होणाऱ्या ‘फोटोडिग्रेडेबल’ वॅडपासून मात्र लांबच राहा. एका दिसणाऱ्या तुकड्याचे हजार न दिसणारे होतात, एवढंच. ऑक्सो-डिग्रेडेबल नावाच्या त्याच धर्तीच्या प्लास्टिकवर युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून बंदी घातली आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. जो पदार्थ ओलाव्याने मऊ पडतो तो काडतुसाच्या आतही पडू शकतो. बारा बोअरच्या साध्या काडतुसात दाब ७४० बारपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या दाबाखाली वॅडचा तळ नीट बसला नाही तर वेग घटतो आणि छर्रे वेडेवाकडे पसरतात. तेव्हा पेटी बागेतल्या ओलसर शेडमध्ये ठेवू नका, आणि एका हंगामापुरतीच घ्या.

प्रश्न : पूर्वी फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) वॅड होत्याच की. आमच्या क्लबात आजही ‘फक्त फायबर’, म्हणजे प्लास्टिकची वॅड नको, अशी पाटी आहे. मग ही नवी भानगड कशाला?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : दादा, पाटी योग्यच आहे. अशी मैदानं बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीवर असतात, आणि गुरांच्या तोंडी प्लास्टिक जावं असं कुणाला वाटेल? प्लास्टिकच्या वॅड १९६० च्या दशकात रूढ झाल्या. त्याआधी फेल्ट, बूच, पुठ्ठाच असे. सिंधुदुर्गात माझे आजोबा ठासणीच्या बंदुकीत दारूवर काथ्याचा बोळा ठासत. छर्रे शिशाचे असत. शिसं मऊ असतं, नळीला ओरखडे पाडत नाही, म्हणून हे सगळं चालत होतं.

अडचण शिसं गेल्यावर येते, आणि ते जायलाच हवं. पाणपक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात. डेन्मार्कने १९९६ मध्येच शिशाच्या छर्‍यांवर पूर्ण बंदी घातली. युरोपीय संघात पाणथळ जागी ते फेब्रुवारी २०२३ पासून बंद आहेत. ब्रिटनमध्ये नऊ संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केलं, की पाच वर्षांत छर्‍याच्या बंदुकीच्या शिकारीतून शिसं आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक, दोन्ही सोडू. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारनेही शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंध जाहीर केले.

शिशाच्या जागी सहसा पोलाद येतं. ते कठीण, त्यामुळे नळी वाचवायला वाटी लागतेच, आणि फेल्टची साधी चकती ते काम करत नाही. म्हणजे पक्ष्यांसाठी शिसं सोडायचं तर साध्या पोलादी काडतुसाबरोबर प्लास्टिकची वाटी परत शेतात येते. ही कोंडी फोडायला कुजणारी वाटी हवी आहे.

क्लबात शिशाला परवानगी आहे तोवर फायबरच वापरा. पोलादाकडे वळाल त्या दिवशी बंदूक आधी गनस्मिथला, म्हणजे बंदुकीच्या कारागिराला दाखवा. जास्त दाबाची पोलादी काडतुसं नळीवर फ्लर-द-लीचा (लिलीच्या फुलाच्या आकाराचा) शिक्का असेल तरच चालवायची. वडिलोपार्जित जुन्या दुनळीवर तो बहुधा नसतो.