‘सारखा’ दिसला की उपमा?

प्रश्न असा आला आहे: ‘तो वाघासारखा लढला’ ही उपमा आणि ‘तो वाघ आहे’ हे रूपक, इथपर्यंत मुलीला समजावता येतं. पण ‘तो जणू वाघच’ हे कशात मोडतं? आणि ‘मुखकमल’ या शब्दात तर ‘सारखा’ही नाही आणि ‘आहे’ही नाही. मग ते काय?

शाळेत ‘सम, समान, सारखा, परी, वाणी, प्रमाणे’ अशी साम्यवाचक शब्दांची यादी पाठ करून घेतात. यादी उपयोगाची आहे, पण नुसत्या यादीवर विसंबलं की घोटाळा होतो. ‘बाळ सारखं रडतंय’ यातलं ‘सारखं’ म्हणजे सतत. ‘पाऊस आल्यासारखं वाटतंय’ हा अंदाज झाला. ‘धाकटा अगदी थोरल्यासारखा दिसतो’ यात तुलना आहे, तरीही उपमा नाही. दोघा भावांच्या तोंडवळ्याची ती माहिती आहे. अलंकारशास्त्रात यासाठी ठरलेलं उदाहरण आहे: गवय नावाचं रानटी जनावर गाईसारखं असतं. साम्य खरं आहे, पण त्यात चमत्कृती नाही, म्हणून अलंकारही नाही.

मग पाहायचं काय? ११व्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: ‘साधर्म्यमुपमा भेदे’. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे भान राखून त्यांच्यातलं साम्य सांगितलं, की उपमा. रूपकाची व्याख्या करताना तो उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथे माणूस) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते, इथे वाघ) यांच्या ‘अभेदा’वर, म्हणजे ते एकच असण्यावर, बोट ठेवतो. सगळी मेख या भेद-अभेदात आहे. त्याच्याही आधी दंडी हा दुसरा संस्कृत काव्यशास्त्रकार म्हणून गेला होता की जिच्यातला भेद झाकला गेला आहे ती उपमाच म्हणजे रूपक. गंमत म्हणजे तिकडे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने हीच गोष्ट उलट्या टोकाने सांगितली आहे. अकिलीस हा ग्रीक योद्धा सिंहासारखा तुटून पडला, ही उपमा. तो सिंह तुटून पडला, हे रूपक. आणि अॅरिस्टॉटलच्या मते उपमा हाच रूपकाचा एक प्रकार. दंडी आणि अॅरिस्टॉटल यांची सुरुवात वेगळी, पण दोन्ही अलंकार एकाच घरातले हे दोघांनाही मान्य आहे.

आता ‘जणू’. बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की समोर माणूस आहे. तरी हा वाघच असावा अशी कल्पना तो करतो. ही उत्प्रेक्षा. इथे भेद पूर्ण राखलेला नाही आणि पूर्ण पुसलेलाही नाही. संस्कृतात ‘इव’ हा एकच शब्द उपमेतही येतो आणि उत्प्रेक्षेतही, त्यामुळे जुन्या पंडितांनाही इथे वाद घालावा लागला. ‘अंधार जणू अंगाला लेप देतोय, आकाश जणू काजळ बरसतंय’ अशा अर्थाची एक प्रसिद्ध ओळ घेऊन दंडीने विचारलं, यात उपमा म्हणता, तर उपमान कोणतं? लेप देणं ही तर क्रिया आहे, अंधाराची तुलना करायला दुसरी वस्तू वाक्यात आहेच कुठे? म्हणून ती उत्प्रेक्षा. मुलगी इंग्रजी माध्यमात असेल तर तिथे बहुधा दोनच खाने शिकवतात आणि ‘जणू’ उपमेच्या खान्यात जातं. मराठीच्या पेपरात मात्र तिने उत्प्रेक्षाच लिहावं.

‘मुखकमल’ हा या प्रश्नातला मला सर्वांत आवडता भाग, कारण शब्द एकटा असताना याचं उत्तर देताच येत नाही. विग्रह दोन होतात: ‘कमळासारखं मुख’ आणि ‘मुख हेच कमळ’. कोणता घ्यायचा हे बाकीचं वाक्य ठरवतं. ‘आईने बाळाचं मुखकमल पदराने पुसलं’ असं लिहिलं, तर पुसायचं असतं ते तोंड. क्रियापद मुखाच्या बाजूचं आहे, म्हणून मुख मुख्य आणि कमळ केवळ तुलनेपुरतं: उपमा. ‘आईला पाहताच बाळाचं मुखकमल उमललं’ असं लिहिलं, तर उमलतं ते कमळ. आता मुखाने कमळाचं रूपच घेतलं: रूपक. ‘चरणकमलांतले पैंजण वाजले’ यात पायाचं पारडं जड, तर ‘चरणकमलांभोवती भक्तांचे भुंगे जमले’ यात कमळाचं. ‘भवसागर’ बहुतेक वेळा रूपकच असतो, कारण आपण तो ‘तरून’ जातो, आणि तरून जायचा असतो तो सागर. ‘घनश्याम’ मात्र नक्की उपमा. ‘ढगासारखा सावळा’ यात ‘श्याम’ हा समान धर्म, म्हणजे दोघांतला सारखा गुण, उघड सांगितलाय, शिवाय ढग आणि सावळेपणा यांचा अभेद होणार तरी कसा? व्याकरणकार पाणिनीनेही अशा समासांना ‘पुरुषव्याघ्रा’च्या (वाघासारखा पुरुष) गटापासून वेगळं सूत्र दिलं आहे.

घड्याळाचे काटे, बाटलीचं तोंड, घाटमाथा ही कधीकाळची रूपकंच. पण आज त्या गोष्टींना आपल्याकडे दुसरं नावच नाही आणि बोलताना काटा किंवा डोकं डोळ्यांपुढे येत नाही. परीक्षेत त्यांना अलंकार म्हणू नये.

आणखी एक पायरी प्रश्नात नाही, पण पुढच्या इयत्तांत लागेल. माणसाचं नाव न घेता, ‘तो’ही न म्हणता, नुसतं ‘मैदानात वाघ उतरला’ असं म्हटलं तर? रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर असावे लागतात. इथे उपमेय पुरतं गायब आहे. मम्मट म्हणतो, उपमानाने ते गिळून टाकलं आहे, आणि याला तो अतिशयोक्तीचा पहिला प्रकार मानतो. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात, त्यामुळे पुस्तकात हे नाव दिसलं की मुलं बुचकळ्यात पडतात.