मैदानाचं आरक्षण बदलून निवासी करण्याची सूचना निघाली आहे. रहिवासी म्हणून हरकत कशी घ्यायची?

हा बदल एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा), 1966 च्या कलम 37 खाली येतो. मुदत राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून एक महिना. बरेच जण वर्तमानपत्रात बातमी वाचली त्या दिवसापासून मोजतात आणि तिथेच चुकतात.

कलमात 'कोणतीही व्यक्ती' असं आहे, म्हणजे भाडेकरूही हरकत घेऊ शकतो.

अर्जाच्या विषयातच सूचनेचा क्रमांक-तारीख, सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) नंबर आणि आरक्षण क्रमांक लिहा. त्यासाठी आधी नगररचना विभागातून त्या जागेचा भाग नकाशा (विकास आराखड्याचा तेवढ्या भागाचा नकाशा) काढा. आरक्षण क्रमांक चुकला की हरकत भलत्याच भूखंडाला लागते. मुद्दे तीन-चारच, पण मोजता येतील असे: पुढचं मैदान चालत किती मीटरवर, शाळेची मुलं कुठे खेळतात, रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी किती. 'बिल्डरचं साटंलोटं आहे' हे वाक्य गाळा. खरं असलं तरी त्यावर सुनावणीत कोणी उत्तर देणार नाही.

शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी' हे स्पष्ट लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्सपेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे दहा अर्ज बरे.

सुनावणीनंतर प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो, तेव्हा एक प्रत नगरविकास विभागालाही पाठवा.

साध्या बांधकाम परवानगीवर मात्र अशा जाहीर हरकती मागवत नाहीत.