‘आधीच ठरवून घेतलं तर पाप कसलं?’

‘गर्भ पाडायचाच नाही. आधीच मुलगा ठरवून घेतला, तर त्यात पाप कसलं?’ हा प्रश्न हल्ली शिकलेली जोडपीच जास्त विचारतात. (ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदलले आहेत.)

असंच एक जोडपं माझ्याकडे आलं. पहिली मुलगी, दुसऱ्याचा विचार चाललेला. तिच्या पर्समध्ये सम-विषम तारखांचा तक्ता आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी. पाळी चुकली की उपाशीपोटी घ्यायची, तीही गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून. मुलगी झाली तर पैसे परत! अहो, लिंग ठरतं ते गर्भ राहतानाच, बापाकडून आलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर. पाळी चुकल्यावर पुडी काय बदलणार? साधारण निम्म्यांना मुलगे होतातच, त्यांचे पैसे पुडीवाल्याच्या खिशात. तक्त्याची गतही तीच.

नवरा म्हणाला, ‘पण लॅबमध्ये शुक्राणू वेगळे करतात, भ्रूण तपासतात, ते तरी खरं ना?’ खरं आहे. शुक्राणू निवडून खात्री मिळत नाही, भ्रूण तपासून मात्र लिंग कळतं. पण गर्भलिंगनिदान बंदी कायद्यातल्या 2003 च्या दुरुस्तीपासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आपल्याकडे गुन्हा आहे आणि ती मागणाऱ्या नवऱ्याला, नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन मुली असलेलं एक जोडपं ‘कुटुंबाचा समतोल’ हे कारण घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. 2007 मध्ये याचिका फेटाळली गेली.

कायदा ऐकून तो गप्प झाला, पटलं मात्र नव्हतं. मग विचारलं, मुलगाच का? ‘शेत कुणाच्या नावावर करायचं?’ वडिलोपार्जित जमिनीत 2005 पासून मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे, हे त्याला ठाऊक होतं. ‘पण लोक...’ म्हणून थांबला.

तिच्याशी एकटीशी बोलले, तेव्हा वेगळंच निघालं. सासूबाई नातीला उठता-बसता ‘पाठीवर भाऊ आण गं’ म्हणतात, आणि पोर आता देवापुढे तेच मागते. ‘मॅडम, मला मुलगी चालेल. पण दुसरीही मुलगी झाली तर तिसऱ्याला लावतील, त्याची भीती वाटते.’

गर्भ पडत नसेलही, पण घरात असलेल्या मुलीला आपण कमी पडलो हे पाचव्या वर्षीच कळतं, ते कुठे धरायचं? दोघांना समोर बसवून मी एवढंच ठरवायला लावलं: काहीही झालं तरी दोनच, आणि हे आईला त्याने स्वतः सांगायचं. पुडी फेकून डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचं. पुडीचं त्याने लगेच मान्य केलं. आईशी बोलायला मात्र दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आहे.