मुक्ता म्हणाली, 'आवडत नाही'

मुक्ता पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा बरोबर तिचे पप्पाही होते. दांडिया बाजारच्या एका गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, ते शटर अर्धं ओढून आले होते. मुलगी बडोद्यातच सरकारी विद्यापीठात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. (मुक्ता हे तिचं खरं नाव नाही आणि काही तपशीलही बदलले आहेत.) ॲनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, दोन अंतर्गत परीक्षांत ती नापास झाली होती, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तर नुसती उभी राहून परत आली होती. पप्पांचा एकच प्रश्न होता, "ताई, हिला झेपत नसेल तर आत्ताच काढून घेऊ का?"

हा प्रश्न मला सवयीचा आहे. बारावीपर्यंत पहिला नंबर, नीटमध्ये चांगले मार्क, आणि मेडिकलला जाऊन चार महिने होत नाहीत तोच 'मी हुशार नाहीच'. कधी मूल म्हणतं, कधी आईबाप.

पप्पांना बाहेर बसवलं. मुक्ता खाली बघत म्हणाली, "बेन, मला इंग्लिश आवडत नाही. रोज वाचायला बसते, पण आवडतच नाही."

माझं माहेर साताऱ्याचं. बडोद्यात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. 'आवडत नाही' ऐकलं आणि मी मनातल्या मनात सगळी केस लिहून मोकळी झाले: हौस वडिलांची, मुलीचं मन दुसरीकडेच. पुढच्या दोन भेटी मी तिला तेच विचारत राहिले, तुला मनापासून काय करायला आवडतं? ती गोंधळायची. "मला डॉक्टरच व्हायचंय," म्हणायची. मी तेसुद्धा 'घरच्यांनी बिंबवलेलं' असं टिपून ठेवलं. ते पान अजून माझ्या वहीत आहे. फाडलेलं नाही, मुद्दामच.

तिसऱ्या भेटीला ती स्कूटरवरून आली. सहज विचारलं, चांगली चालवतेस की. तर म्हणाली, "पहिल्यांदा मला स्कूटरपण आवडत नव्हती. पप्पांनी कमाटीबागेजवळ चार दिवस शिकवली, मग आवडली."

मी पेन खाली ठेवलं.

गुजरातीत 'आवडवुं' म्हणजे येणं, जमणं. गुजराती शाळेत शिकलेल्या या मराठी मुलीच्या तोंडी घरचा शब्द आणि शाळेतला अर्थ एक होऊन बसले होते. तिला इंग्रजी नावडतं नव्हतं, येत नव्हतं. आणि मी दोन भेटी तिच्या आवडीनिवडी खणत बसले होते.

मग सगळं उलगडायला लागलं. नीट १३ भाषांत देता येते, हिने गुजरातीतून दिली होती. त्या ७२० मार्कांच्या परीक्षेत तोंड उघडावं लागत नाही, चार पर्यायांतला एक गोल काळा केला की झालं. एमबीबीएसला पुस्तकं इंग्रजी, लेक्चर इंग्रजी, आणि व्हायवाला समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून इंग्रजीत अख्खं वाक्य बोलायचं. मुक्ता प्रश्न ऐकायची, मनात गुजराती करायची, उत्तर जमवायची, त्याचं इंग्रजी शोधायची. तोवर प्रश्न पुढच्या मुलाकडे गेलेला असायचा. २५० जणांच्या तुकडीत गप्प उभी राहणारी मुलगी ढच वाटते. स्वतःलासुद्धा.

मी तिला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितलं. मांडी घालून बस आणि मांडीत काय काय होतं ते मला घरच्या भाषेत सांग. तिने सांगायला सुरुवात केली आणि मी बघत राहिले. खुबा वाकतो, मांडी बाहेरच्या बाजूला फिरते, गुडघा दुमडतो, आणि हे सगळं करायला मदत करणारा एक लांबच लांब स्नायू तिरका मांडीवरून जातो. नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये 'सार्टोर' म्हणजे शिंपी. पूर्वी शिंपी मांडी घालूनच शिवायला बसायचे, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे आजोबा असेच गादीवर बसून काजं करायचे. ती हसली, मग थोडी रडली. मी काही बोलले नाही.

गुडघ्याच्या वाटीचंही तेच. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. मराठी माणसाने त्याच हाडाला वाटी म्हटलं, रोमन लोकांना न विचारता.

त्या दिवसापासून एक नेम ठरला. रोज रात्री वीस मिनिटं आजीपुढे बसून एक स्नायू मोठ्याने सांगायचा, आधी मराठी-गुजराती जशी येईल तशी. मग तोच इंग्रजीत, चार ठरलेल्या वाक्यांत: ओरिजिन (कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे जोडला जातो), नर्व्ह सप्लाय (कोणती नस), ॲक्शन (काम काय). व्याकरण चुकलं तरी थांबायचं नाही. मोबाइलवर अख्खं पान भाषांतर करून वाचायची सवय मात्र मी तोडायला लावली. त्याने पान समजतं, वाक्य तोंडात येत नाही.

इंदूरच्या मामांचा फोन आला होता, तिकडे २०२२ पासून पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत निघालीत, तिकडेच प्रवेश घ्यायला हवा होता म्हणून. कल्पना वाईट नाही. याच बडोद्यात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली तेव्हा हुन्नर मातृभाषेतून शिकवण्याचाच आग्रह होता. पण मुक्ताचे पेपर इंग्रजीत आहेत, आणि हिंदी तिची चौथी भाषा झाली असती.

पप्पांना वेगळं बसवून सांगितलं, की या अंतर्गत परीक्षा आहेत, विद्यापीठाची परीक्षा अजून पुढे आहे. तिच्यात नापास झाली तर पुरवणी परीक्षा असते. पहिल्या वर्षासाठी चार प्रयत्नांची मर्यादा आहे, पण आपण अजून पहिल्यापाशीसुद्धा पोचलो नाही. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग आजीने काय शिकायचं?" मी म्हटलं, फक्त 'मग पुढे?' एवढं म्हणत राहायचं.

झोप उडाली आहे का, जेवण सुटलं आहे का, जगणं नकोसं वाटतं का, हेही मी तिला सरळ विचारलं होतं. तसं काही नव्हतं. असतं, तर स्नायू आणि आजी बाजूला ठेवून तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या घरात तसं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरवा, व्हायवाची वाट बघू नका.

पुढच्या ॲनाटॉमीच्या परीक्षेत ती काठावर पास झाली. बायोकेमिस्ट्री अजून अडते आहे. तिथे आजीपुढे सांगायला हाडं-स्नायू नाहीत, क्रेब्स सायकल (पेशीत ऊर्जा तयार होण्याची रासायनिक साखळी) आहे, आणि त्यावर मलाही उपाय सुचलेला नाही.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. वॉर्डात नेलं होतं त्यांना. केरळहून ऑल इंडिया कोट्यातून आलेली मैत्रीण शेजारी, समोर छोटा उदेपूरकडची एक म्हातारी. म्हातारी म्हणत होती, 'पग कळे छे.' मुक्ताने मला विचारलं होतं, "बेन, याचा अर्थ सांगा बघू."

मी लिहिलं, पायाचं काहीतरी कळतंय?

"दुखतोय, बेन," तिने लिहिलं. "तुम्हाला अजून गुजराती आवडत नाही."